जुन्या फोर बाय फोरचा पुढचा प्रोपेलर शाफ्ट घरी बदलताना

नवा शाफ्ट टाकला तरी गाडी थरथरतेच, किंवा पावसाळा संपायच्या आत क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा चार भुजांचा सांधा) पुन्हा वाजायला लागतो. जुनी जिप्सी किंवा महिंद्राची जीप बाळगणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. बऱ्याचदा शाफ्ट चांगलाच असतो. खुणा न करता जुना शाफ्ट उतरवलेला असतो, नव्याचं माप गाडी जॅकवर लटकत असताना घेतलेलं असतं, नाहीतर मूळ बोल्ट हरवले म्हणून हाताला लागले ते घातलेले असतात. काम तसं दोन टोकांच्या मोजक्या बोल्टांचं आहे. घरच्या अंगणात, बेताच्या हत्यारांत होतं. फक्त क्रम मोडायचा नाही.

इथे शाफ्ट म्हणजे ट्रान्सफर केसपासून (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) पुढच्या डिफरन्शियलपर्यंत (ती ताकद एक्सलमधल्या दोन चाकांना देणारी दात्यांची पेटी) जाणारा लांब नळीचा शाफ्ट. डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणारे एक्सल वेगळे, त्यांचं काम या लेखात नाही. सगळं वर्णन अखंड पुढचा एक्सल आणि गरजेपुरतं फोर बाय फोर असलेल्या गाड्यांना धरून आहे. जी गाडी कायम चारही चाकांवर चालते तिला यातल्या सगळ्याच गोष्टी लागू होत नाहीत.

१. दोष याच शाफ्टचा आहे का, ते आधी ठरवा

पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब (चाक एक्सलला जोडणारे किंवा त्यापासून सोडवणारे लॉक) असतील तर निदान फुकटात होतं. हब फ्री करा, ट्रान्सफर लिव्हर टू-एचवर (फक्त मागची दोन चाकं ओढतात ती जागा) ठेवा आणि ज्या रस्त्यावर, ज्या वेगाला थरथर येते तिथेच गाडी पळवा. आपल्याकडे कोल्हापुरात कागलच्या बाजूचा महामार्ग यासाठी बरा पडतो, वेग एकसारखा ठेवता येतो. हब फ्री असताना पुढचा शाफ्ट जवळजवळ थांबलेला असतो. तरीही थरथर तशीच असेल तर पुढच्या शाफ्टला हात लावू नका. मागचा शाफ्ट बघा, चाकांचं बॅलन्सिंग बघा. जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामध्ये आणखी एक आखूड शाफ्ट असतो, तोही बघा. तो बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

आता हब लॉक करा, लिव्हर टू-एचवरच ठेवा आणि पुन्हा तीच फेरी मारा. या वेळी शाफ्ट चाकांबरोबर फिरतो, पण त्याच्यावर ओढ नसते. थरथर आता आली तर संशय खरा.

मग गाडी उभी करून खाली शिरा. एका हाताने क्रॉसच्या अलीकडचा योक (क्रॉसला दोन बाजूंनी धरणारा दुबोटी भाग) धरा, दुसऱ्याने पलीकडचा, आणि उलटसुलट पिळा. क्रॉस आणि योक यांच्यात किंचितही हालचाल दिसली तर क्रॉस गेला. कपाच्या (क्रॉसच्या भुजेवरची टोपी, आत सुयांचं बेरिंग असतं) तोंडाशी कुंकवासारखी लाल भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपून सुया गंजल्यात, हे नक्की. स्प्लाइनचा (एकमेकांत सरकणाऱ्या लांब दात्यांचा) सरकता भाग वर-खाली हलवून बघा. अख्खा शाफ्ट फिरवल्यावर जो थोडा ढिलेपणा जाणवतो तो डिफरन्शियलच्या दात्यांचा असतो आणि तो राहणारच. त्याला घाबरून शाफ्ट बदलणारे खूप भेटतात.

२. फक्त क्रॉस की पूर्ण शाफ्ट?

नळी सरळ आहे, स्प्लाइन घट्ट आहे, योकच्या भोकात कप गच्च बसतो, अशा वेळी दोन नवे क्रॉस पुरतात. पूर्ण शाफ्ट बदलावा लागतो तो पुढच्या परिस्थितीत: नळीला दगडाचा पोचा पडलाय, वेल्डिंगला चीर गेलीय, स्प्लाइन खिळखिळी झालीय, किंवा योकमध्ये कप फिरून भोक मोठं झालंय. मोठं झालेलं भोक पोगराने (टोकदार पंचने) ठोकून कप तात्पुरता आवळून देणारे भेटतात. ते करून घेऊ नका. घाटात क्रॉस सुटला तर शाफ्टचं सुटं टोक खाली आपटून पुढे काय काय फोडेल त्याचा नेम नाही.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल तर मी नुसत्या क्रॉसवर भागवणार नाही, स्प्लाइन उघडून बघेन. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेल्या किती तरी गाड्या पुढे हातोहात विकल्या गेल्या. तुमची गाडी त्यातलीच असू शकते. डिफरन्शियलचं ऑइलही त्याच वेळी काढून बघा. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी आहे.

३. मापं: गाडी चाकांवर उभी असताना

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. पुढचा भाग जॅकवर उचलला की एक्सल खाली लोंबतो आणि दोन फ्लँजमधलं (शाफ्ट जिथे बोल्टांनी जोडतात त्या चकत्यांमधलं) अंतर बदलतं. त्या मापाने शाफ्ट केला तर गाडी खाली टेकल्यावर तो एक तर आत दाबून बसतो, नाहीतर स्प्लाइनच्या टोकाला लटकतो. म्हणून गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर, नेहमीच्या वजनासह उभी करून मापं घ्या.

ट्रान्सफर केसच्या फ्लँजच्या तोंडापासून डिफरन्शियलच्या फ्लँजच्या तोंडापर्यंतचं अंतर घ्या. समोरासमोरच्या बोल्टभोकांमधलं मध्य-ते-मध्य अंतर आणि भोकाचा व्यास घ्या. क्रॉसच्या कपाचा व्यास आणि एका कपाच्या पाठीपासून समोरच्या कपाच्या पाठीपर्यंतची रुंदी घ्या. सर्कलिप (कप जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) कपाच्या बाहेरच्या बाजूला बसते की आतल्या, तेही लिहून ठेवा. नुसतं ‘जिप्सीचा क्रॉस द्या’ म्हणू नका, कारण आधीच्या मालकाने काय बसवलंय ते तुम्हाला ठाऊक नसतं. लांब शॅकल किंवा जादा पाटे टाकून गाडी उंच केली असेल तर कंपनीच्या मापाचा शाफ्ट आखूड पडण्याची शक्यता मोठी.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात (वर्कशॉप आणि सुट्या भागांच्या दुकानांचा भाग) जुना शाफ्ट घेणार असाल तर दुकानाच्या दारातच सौदा उरकू नका. शेजारच्या लेथवर दोन सेंटरमध्ये धरून फिरवायला सांगा आणि डायल गेज (बारीकसा वाकही दाखवणारं काट्याचं माप) लावून बघा. वाकलेली नळी नुसत्या डोळ्याला दिसत नाही. नळीवर पत्र्याचे छोटे तुकडे वेल्ड केलेले असतील तर ते बॅलन्सिंगचे आहेत. गंज खरवडताना ते उडवले की शाफ्टचं बॅलन्स गेलं.

४. तयारी

दोन-तीन दिवस आधी दोन्ही टोकांच्या नटांवर तारेचा ब्रश मारा आणि गंज सोडवणारं स्प्रे ऑइल रोज संध्याकाळी सोडा. गगनबावडा, राधानगरीकडची तांबडी माती नटाच्या आट्यांत बसून विटेसारखी घट्ट होते. ती न काढता पाना लावला की नटाच्या कडा गोल होतात. गॅसची ज्योत लावायचा मोह टाळा. डिफरन्शियलचं ऑइल सील तिथून बोटभर अंतरावर असतं.

हाताशी ठेवा: नटाच्या मापाचे दोन रिंग पाने, बॉक्स पाना आणि लांब एक्स्टेंशन, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना), लाकडी किंवा रबरी हातोडी, ग्रीस गन आणि लिथियमचं ईपी-२ ग्रीस, मजबूत दोरी, खुणेसाठी पांढरा रंग, डोळ्यांवर चष्मा. चष्मा विसरू नका. खाली झोपल्यावर पहिल्याच झटक्याला वाळलेला चिखल थेट डोळ्यांत येतो.

नवे नट-बोल्ट आधीच आणा. उच्च ताकदीचेच घ्या, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. मूळ बोल्टवर जो आहे त्यापेक्षा कमी नको. बोल्टचा बिनआट्याचा भाग फ्लँजच्या भोकात नीट भरला पाहिजे. पूर्ण आट्यांचा बोल्ट भोकात हलतो, शाफ्ट मध्यावरून सरकतो, आणि थरथर तुम्ही स्वतःच्या हाताने बसवता.

आणखी एक: उद्यमनगर उघडं असेल अशाच दिवशी सकाळी काम काढा. एक सर्कलिप उडून हरवली की गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत अंगणात अडकते.

५. गाडी उभी करणं

सपाट, कडक जमीन हवी. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक ओढा, गिअर पहिल्यात टाका, किल्ली काढून खिशात ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. सायलेन्सरचा पाइप शेजारूनच जातो, तो गार होऊ द्या.

सावधान: ट्रान्सफर लिव्हर एनवर (न्यूट्रल) असेल तर गिअरमध्ये टाकलेली गाडीसुद्धा घरंगळते, कारण इंजिनचा आणि चाकांचा संबंधच तुटलेला असतो. जिप्सीत टू-एच, फोर-एच (चारही चाकं), एन, फोर-एल (चारही चाकं, कमी वेगात) असा क्रम असतो, त्यामुळे लिव्हर जरा जास्त ओढला की थेट एनवर जातो. काही फार जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर बसवलेला असतो. तिथे मागचं एक चाक जरी उचललं तरी ब्रेक असून नसल्यासारखा. ठोकळ्यांना पर्याय नाही.

हब फ्री होत असतील तर गाडी उचलूच नका. जुन्या जीपखाली माणूस आरामात मावतो आणि एक्सलही आपल्या नेहमीच्या जागी राहतो. हब नसतील तर शाफ्ट फिरवायला पुढचं एक चाक उचलावं लागेल. त्या वेळी एक्सलखाली लोखंडी स्टँड द्या आणि मगच खाली जा. स्टँड शहाबादी फरशीवर ठेवू नका, फरशी तडकून पाय आत जातो. मातीत असाल तर खाली जाड फळी घाला. विटांची चळत, नुसता जॅक, गाडीखाली माणूस असताना गाडी ढकलून शाफ्ट फिरवणं, यातलं काहीही चालणार नाही.

६. खुणा

नळीच्या दोन टोकांचे योक एकमेकांशी ठरावीक कोनात असतात. बहुतेक शाफ्टमध्ये ते एका रेषेत असतात. क्रॉस तिरका चालतो तेव्हा एका फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस नेमकी उलटी चाल करून ते भरून काढतो, पण त्यासाठी दोघांचा मेळ जुळलेला हवा. सरकता भाग बाहेर ओढून एक दाता जरी चुकीचा बसवला तरी हा मेळ बिघडतो. मग कितीही बॅलन्सिंग करा, थरथर जात नाही. काही परदेशी गाड्यांच्या पुढच्या शाफ्टमध्ये कंपनीनेच योक मुद्दाम रेषेबाहेर ठेवलेले असतात. त्यामुळे ‘सरळ दिसतंय ते बरोबर’ असं धरून चालू नका. जसं होतं तसंच परत बसवायचं.

माती पुसून चार ठिकाणी रंगाची रेघ ओढा: ट्रान्सफर केसचा फ्लँज आणि शाफ्टचा फ्लँज यांच्यावर मिळून एक, डिफरन्शियलकडे तशीच एक, सरकता भाग आणि नळी मिळून एक, आणि नळीवर पुढच्या बाजूला बाण. मोबाइलवर फोटो काढा, पण फोटोवर विसंबून रेघ टाळू नका. तेलकट हातांनी, तिरक्या उजेडात काढलेल्या फोटोत दाते मोजता येत नाहीत.

तपासा: नवा शाफ्ट जुन्याशेजारी जमिनीवर ठेवा. फ्लँज, भोकं, सरकत्या भागाची बाजू, योकचा कोन, सगळं जुळतंय ना? काही शंका असेल तर जुना अजून खोलू नका.

७. उतरवणं

लिव्हर टू-एचवर, हब फ्री. आता शाफ्ट हाताने फिरतो, त्यामुळे प्रत्येक नट समोर आणता येतो. नट सैल करताना शाफ्ट अडवायला लोखंडी सळई खुपसायची गरज नाही. लिव्हर फोर-एचवर घ्या, गिअर पहिल्यात आहेच, शाफ्ट जागच्या जागी अडकतो. लिव्हर आत जात नसेल तर शाफ्ट थोडा हलवा. गाडीत बसून लिव्हर हलवायला एक माणूस मदतीला असेल तर उत्तम, पण त्याच्याकडे किल्ली देऊ नका.

दोन्ही टोकांचे सगळे नट आधी फक्त सैल करा. मग शाफ्ट मधोमध दोरीने चॅसीला बांधा. डिफरन्शियलकडचे बोल्ट काढा, सरकता भाग आत दाबा आणि टोक मोकळं करा. नंतर ट्रान्सफर केसकडचे बोल्ट काढा. एका टोकावर शाफ्ट लटकत ठेवून चहाला गेलात तर दुसऱ्या टोकाच्या क्रॉसवर सगळा भार पडतो.

फ्लँज गंजून चिकटला असेल तर बाजूने लाकडी हातोडीने ठोका. दोन फ्लँजच्या फटीत पेचकस घालून उचकटलं की तोंडाला खाच पडते, आणि त्या खाचेमुळे नवा शाफ्ट तिरका बसतो.

यू-बोल्टवर बसवलेला जुन्या जीपचा शाफ्ट असेल तर यू-बोल्ट काढण्याआधी क्रॉसच्या दोन्ही सुट्या कपांभोवती चिकटपट्टी गुंडाळा. नाहीतर कप गळून पडतो आणि आतल्या सुया अंगणभर पसरतात.

८. शाफ्ट बाहेर असताना करायची कामं

डिफरन्शियलचा फ्लँज हातात धरून वर-खाली ओढा. फिरताना थोडा खेळ चालतो, वर-खाली अजिबात चालत नाही. तसा खेळ असेल तर पिनियनचं (फ्लँज ज्यावर बसतो त्या डिफरन्शियलमधल्या दातेरी दांड्याचं) बेरिंग गेलंय आणि नवा शाफ्टही महिन्याभरात तेच भोगणार. खेळ काढायचा म्हणून मधला मोठा नट आवळू नका. बऱ्याच गाड्यांत त्या नटाच्या आवळण्यावर बेरिंगचा दाब ठरलेला असतो, जास्त आवळला तर बेरिंग जळतं. सीलमधून ऑइल येत असेल तर सील आत्ताच बदला.

ट्रान्सफर केसची रबरी माउंटिंग बघा. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी टांगलेली असल्यामुळे रबर फाटलं की ती झोल खाते आणि शाफ्टचा कोनच बदलतो.

जुन्याच शाफ्टला नवे क्रॉस घालणार असाल तर सर्कलिप काढून व्हाइसमध्ये बॉक्स पान्याच्या दोन सॉकेटच्या मदतीने कप दाबून काढा. नवा कप बसवताना सुया ग्रीसने भिंतीला चिकटवून ठेवा. एखादी सुई आडवी पडून तळाशी गेली तर कप शेवटचा एक-दोन मिलिमीटर आत जातच नाही आणि सर्कलिप खाचेत बसत नाही. इथे लोक हातोडी काढतात. थांबा, कप बाहेर काढा, सुई उभी करा. सगळ्या सर्कलिप बसल्या की योकवर हलका ठोका द्या, म्हणजे कप बाहेर सर्कलिपला टेकतात. क्रॉस दोन्ही दिशांना सारखाच हलला पाहिजे. ग्रीसचं निपल नळीच्या बाजूला, गन पोहोचेल असं ठेवा.

९. नवा शाफ्ट बसवणं

दोन्ही फ्लँजची तोंडं चकचकीत करा. नव्या शाफ्टच्या तोंडावर रंग असेल तर तो काढा, कारण रंगाचा थर पुढे दबतो आणि बोल्ट आपोआप सैल पडतात. उठलेली कड बारीक कानशीने घासा.

स्प्लाइनला ग्रीसचा पातळ थर लावून सरकता भाग चार-पाच वेळा आत-बाहेर करा. आत ग्रीस ठासून भरू नका. ते कोंडलं तर शाफ्ट आखूडच होत नाही आणि मोठ्या खड्ड्यात सगळा दणका ट्रान्सफर केसच्या बेरिंगला बसतो.

आधी ट्रान्सफर केसचं टोक लावा, खुणेला खूण. चारही नट हाताने फिरवा. मग दोरीच्या आधाराने दुसरं टोक डिफरन्शियलला लावा आणि तिथलेही नट हातानेच फिरवा. एकही नट हाताने अडत असेल तर फ्लँज नीट बसलेला नाही. पाना लावून ओढून घेऊ नका.

आता लिव्हर फोर-एच. समोरासमोरचे नट आळीपाळीने, दोन टप्प्यांत आवळा. शेवटचा टॉर्क तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच घ्या, दुसऱ्या गाडीचा आकडा लावू नका. यू-बोल्टच्या शाफ्टला जोर आणखी कमी लागतो. जास्त आवळलं की कप चेपतो आणि सुया फिरायच्या थांबतात. आवळून झालेल्या प्रत्येक नटावर रंगाचा ठिपका द्या. शेवटी क्रॉसमध्ये ग्रीस मारा, चारही सीलमधून बाहेर येईपर्यंत. तिनातून आलं आणि चौथ्यातून नाही, तर क्रॉस हलवून पुन्हा मारा.

तपासा: गाडी चाकांवर उभी असताना सरकता भाग आत जायला आणि बाहेर यायला, दोन्हीकडे दोन-तीन सेंटिमीटर तरी जागा हवी. शाफ्ट टू-एचला हाताने पूर्ण फेरी फिरवा. सायलेन्सर, ब्रेकचा पाइप, क्रॉस मेंबर, कशालाही घासता कामा नये. हब नसलेल्या गाडीचं उचललेलं चाक आधी खाली टेकवा आणि मगच ठोकळे काढा.

१०. पहिली फेरी

आधी हब लॉक, टू-एच, डांबरी रस्त्यावर हळूहळू वेग वाढवत. मग फोर-एच, पण ते पाणंदीत किंवा नदीकडच्या मऊ रस्त्यावर. कोरड्या डांबरावर फोर-एच लावून वळणं घेतली तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी झुंजतात आणि तो सगळा पीळ नव्या क्रॉसवर जातो.

वेगाबरोबर थरथर आली आणि गिअर बदलूनही तीच राहिली, तर आधी खुणा तपासा. त्या बरोबर असतील तर एका टोकाचे बोल्ट काढून शाफ्ट अर्धा फेरा फिरवा आणि परत लावा. फ्लँज आणि शाफ्ट यांचे बारीक दोष कधी कधी एकमेकांना मारून टाकतात. त्यानेही फरक पडला नाही तर शाफ्ट बॅलन्सिंगला द्या.

साधारण पन्नास किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा टॉर्क रेंचने बघा. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गेलात तर त्याच आठवड्यात ग्रीस मारा. आणि या सगळ्या फेऱ्या नीट पार पडेपर्यंत जुना शाफ्ट भंगारात घालू नका. काही चुकलंच तर लेथवाल्याला दाखवायला तोच लागतो.